अ‍ॅपलेशियन वाटेचे वाटेकरी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पूर्व किनाऱ्याला समांतर अशी जी प्राचीन पर्वतरांग दक्षिणोत्तर पसरली आहे, तिच्या माथ्यामाथ्याने, जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांच्या मुलखातून सुमारे ३,५०० किलोमीटर गेलेली अ‍ॅपलेशियन पायवाट आज जगभरच्या पदयात्रिकांना परिचित आहे. ती एका दमात चालून संपवायची तर पाच ते सात महिने हाती असावे लागतात; आणि उपजीविकेच्या व संसाराच्या बंधनांतून एवढा अवकाश काढणे ज्यांना साधते असे भाग्यवान थोडेच. बाकीच्यांपुढे प्रश्न उरतो तो असा, की या दीर्घ मार्गाचा कोणता टप्पा आपण निवडावा. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक संकोच असतो. संपूर्ण वाट चालणे हे खरे व्रत आणि एखादाच टप्पा चालणे ही त्यातून काढलेली सवलत, अशी त्याची समजूत झालेली असते. या वाटेचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे ती समजूत किती निराधार आहे हे ध्यानात येते. किंबहुना टप्पा निवडणे हीच या वाटेवरची सर्वांत जुनी वहिवाट आहे, असे मला निश्चयपूर्वक वाटते.

ज्याच्या बुद्धीतून ही वाट निघाली तो बेंटन मॅकाय हा हार्वर्ड विद्यापीठात वनविद्या शिकलेला आणि सरकारी वनखात्यात उमेदीची वर्षे घालवलेला गृहस्थ होता. १९२१ च्या एप्रिलमध्ये, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेली त्याची पत्नी जेसी हिचा करुण अंत झाला. त्या आघातानंतर न्यू जर्सीतील एका स्नेह्याच्या आश्रयाने राहत असताना त्याने आपल्या मनात दीर्घकाळ घोळत असलेली कल्पना कागदावर उतरवली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकात ती प्रसिद्ध झाली. पर्वतावरच्या पायवाटेची योजना वास्तुशास्त्राच्या नियतकालिकात यावी याचे आज आश्चर्य वाटेल; पण मॅकायच्या दृष्टीने तो मनोरंजनाचा विषयच नव्हता. कारखान्यांच्या धुरात आणि शहरांच्या कोंडमाऱ्यात दिवस कंठणाऱ्या श्रमजीवी माणसाला वर्षाकाठी जी थोडीबहुत रजा मिळते, तिचा विनियोग त्याने कोठे आणि कसा करावा, हा राष्ट्राच्या आरोग्याचा व प्रदेशरचनेचा प्रश्न आहे असे तो मानीत होता. सरकारने राखलेली विस्तीर्ण अरण्ये बहुतांशी पश्चिमेस, आणि दाट लोकवस्ती पूर्वेस. तेव्हा पूर्वेच्या महानगरांपासून दिवसभराच्या प्रवासात गाठता येईल अशी ही पर्वतरांगच लोकांना खुली करून द्यावी, ही त्याची तजवीज होती.

या तजविजीतला आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा, की दक्षिणेतील माउंट मिचेल आणि उत्तरेतील माउंट वॉशिंग्टन या दोन उत्तुंग शिखरांना जोडणारी अखंड वाट कल्पीत असतानाच तिचे हिस्से पाडावेत, शक्य तेथे एकेका राज्याचा एकेक हिस्सा मानावा, आणि प्रत्येक हिस्सा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक मंडळींच्या हवाली करावा, असे मॅकायने आपल्या मसुद्यातच लिहून ठेवले होते. एका दिवसाच्या सुखकर मजलीवर निवारे असावेत, म्हणजे ज्याला जेवढी सवड असेल तेवढ्या मजला त्याने माराव्यात, हाही त्यामागचा हेतू स्पष्ट होता. पंधरा दिवसांची रजा घेऊन आलेला कामगार या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल, अशी अपेक्षा तो कशी करणार? अखंडता वाटेची असावी आणि टप्पा माणसाचा, हे या योजनेचे मूळ सूत्र होते.

प्रत्यक्ष काम सुरू झाले तेही तुकड्यातुकड्यांनीच. काही तुकडे तर संपूर्ण वाटेची कल्पना निघण्यापूर्वीपासूनच अस्तित्वात होते. बॉस्टनच्या अ‍ॅपलेशियन माउंटन क्लबने १८७६ पासून न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समध्ये पायवाटा आखल्या होत्या. व्हरमाँटमध्ये १९१० साली स्थापन झालेला ग्रीन माउंटन क्लब आपल्या राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी ‘लाँग ट्रेल’ बांधण्यात गुंतला होता. नव्या योजनेसाठी म्हणून मुद्दाम बांधलेला पहिला टप्पा मात्र न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस, हडसन नदीच्या काठी, बेअर माउंटन आणि आर्डन यांच्या दरम्यान तयार झाला, आणि ७ ऑक्टोबर १९२३ रोजी तो चालणाऱ्यांसाठी खुला करण्यात आला. त्याचा एक पुरस्कर्ता रेमंड टॉरी हा वृत्तपत्रकार होता. सायंदैनिकातील आपल्या स्तंभातून तो शहरवासीयांना डोंगरातल्या वाटांची माहिती देई. शनिवार-रविवारची सुट्टी, खिशाला परवडेल असे भाडे आणि रात्री घरी परतण्याची सोय या तीन गोष्टींनी त्या काळी टप्प्याची निवड ठरत असे. आणि आजही न्यूयॉर्कच्या उपनगरी लोहमार्गावर, पॉलिंग गावानजीक, या वाटेच्याच नावाचे एक चिमुकले स्थानक आहे, तेथे शनिवार-रविवारी गाड्या थांबतात, यावरून ती परंपरा किती टिकाऊ ठरली हे दिसून येते.

१९२५ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टन येथे परिषद भरून वाटेचा कारभार पाहणारी मध्यवर्ती संस्था स्थापन झाली खरी, पण पुढील काही वर्षे काम मंदावले. त्याला पुन्हा चालना देणाऱ्यांत मायरन एव्हरी याचे नाव अग्रभागी येते. हा मूळचा मेन राज्याचा, व्यवसायाने सागरी कायद्याचा वकील, स्वभावाने करारी आणि हिशेबाला चोख. १९२७ मध्ये पोटोमॅक अ‍ॅपलेशियन ट्रेल क्लबच्या स्थापनेत त्याचा पुढाकार होता, आणि १९३१ पासून १९५२ पर्यंत मध्यवर्ती संस्थेची धुरा त्याच्याकडे राहिली. मोजणीचे चाक पुढे ढकलीत, अंतरांची नोंद करीत, कोठे झाडोरा माजला आहे, कोठे खुणा पुसट झाल्या आहेत याचे टिपण घेत हा मनुष्य सवड मिळेल तसतसा एकेक टप्पा चालत गेला, आणि १९३६ साली त्याची सर्व मार्गाची प्रदक्षिणा पूर्ण झाली. संपूर्ण अ‍ॅपलेशियन वाट पायाखाली घालणारा इतिहासातला पहिला मनुष्य तो हाच. त्याच्यानंतर तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, मेरी किलपॅट्रिक ही सारा मार्ग चाललेली पहिली स्त्री ठरली, तीही टप्प्याटप्प्यानेच. ज्यांनी ही वाट प्रथम पुरी केली त्यांनी ती अशा रीतीने पुरी केली, ही गोष्ट टप्पा निवडणाऱ्या प्रत्येकाने अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी आहे.

उत्तरेच्या टोकाचा मेन राज्यातील भाग सर्वांत अखेरीस बांधला गेला. लाकूडतोड करणाऱ्या कंपन्यांच्या मालकीची निबिड अरण्ये, दूरदूरच्या वस्त्या आणि स्थानिक गिर्यारोहक मंडळांचा अभाव यांमुळे वाट न्यू हॅम्पशरमध्येच संपवावी असा विचार प्रबळ झाला होता. पण ती आपल्या जन्मभूमीतील कटाडिनपर्यंत गेलीच पाहिजे, हा एव्हरीचा आग्रह कायम राहिला. मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांच्या हाताला काम देण्यासाठी रूझवेल्ट यांच्या शासनाने १९३३ मध्ये जी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर उभी केली, तिच्या पथकांचे साहाय्य या कामी लाभले. आणि १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमधील स्पॉल्डिंग आणि शुगरलोफ या पर्वतांमधील कड्यावर वाटेचा शेवटचा तुकडा जोडला गेला. त्या क्षणी वाट प्रथमच अखंड झाली. पण ते अखंडत्व अल्पजीवी ठरले. दुसऱ्याच वर्षी न्यू इंग्लंडवर आलेल्या प्रचंड चक्रीवादळाने असंख्य झाडे आडवी केली, आणि व्हर्जिनियात पर्वताच्या माथ्यावरून काढलेल्या मोटाररस्त्यांनी पायवाटेला तिच्या जागेवरून हुसकावले. त्या रस्त्यांच्या प्रश्नावरूनच मॅकाय आणि एव्हरी यांच्यात १९३५ मध्ये कायमचे वितुष्ट आले. माथ्यावर मोटार चढली की वाटेचा आत्माच गेला असे मॅकायचे म्हणणे, तर मार्ग बाजूला सरकवून का होईना पण तो जोडलेला राहिला पाहिजे हा एव्हरीचा व्यवहारी पक्ष. एकाच ध्येयाचे हे दोन निष्ठावंत सेवक परस्परांपासून दुरावले, ही या इतिहासातली मोठी खेदाची घटना होय. तथापि एकाच्या स्वप्नावाचून वाट जन्मली नसती आणि दुसऱ्याच्या चिकाटीवाचून ती पुरी झाली नसती, हेही तितकेच खरे.

सलग चालण्याची प्रथा यानंतरची. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला, युद्धात जिवलग मित्र गमावलेला पेनसिल्व्हेनियाचा अर्ल शॅफर हा १९४८ च्या एप्रिलमध्ये जॉर्जियातून निघाला, आणि मनावरचे युद्धाचे ओझे चालण्याने उतरवीत ऑगस्टमध्ये कटाडिनवर पोचला. असे काही घडणे संभवते यावर संस्थेच्या धुरिणांचाच प्रथम विश्वास बसेना. त्यांनी त्याची कसून चौकशी केली, त्याची टिपणे आणि छायाचित्रे पाहिली, तेव्हा कोठे त्याचा दावा मान्य झाला. पुढे १९५५ मध्ये ओहायोची एमा गेटवुड ही अकरा मुलांची सदुसष्ट वर्षांची आई, साधे कापडी बूट पायांत घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून एकटीच ही वाट चालून गेली, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी तिचा गौरव केला. त्या गौरवात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट ही, की गेटवुडबाईंनी ही वाट एकंदर तीनदा पुरी केली आणि तिसरी खेप त्यांनी टप्प्याटप्प्यानेच केली. असल्या पराक्रमांनी लोकांची कल्पनाशक्ती भारली जाणे स्वाभाविक होते. १९७० नंतर सलग चालणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि हळूहळू टप्पा चालणारा स्वतःला दुय्यम समजू लागला. वस्तुतः मध्यवर्ती संस्थेने असा भेद कधी केलेला नाही. ज्याने सारी वाट पुरी केली त्याचे नाव ती एकाच यादीत नोंदवते, मग त्याने ती एका ऋतूत केलेली असो की चाळीस वर्षांत. आणि त्यासाठी साक्षी-पुरावा न मागता चालणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवते.

या वाटेचे अस्तित्वही दीर्घकाळ केवळ शब्दावरच उभे होते, हे येथे सांगितले पाहिजे. तिचा पुष्कळसा भाग खासगी जमिनींतून जात असे, आणि जमीनमालकाच्या तोंडी परवानगीपलीकडे दुसरा आधार नसे. जमीन विकली गेली, कुंपण पडले, घरे उठली, की पायवाट बिचारी डांबरी रस्त्याच्या कडेला येई. २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रीय पायवाटांचा कायदा मंजूर होऊन या वाटेला प्रथमच राष्ट्रीय संरक्षण मिळाले. १९७८ च्या दुरुस्तीने जमीनखरेदीसाठी ९ कोटी डॉलरांची तरतूद झाली. आणि एकेक खरेदीखत करीत आज जवळजवळ संपूर्ण मार्ग सार्वजनिक मालकीच्या भूमीवर आला आहे. सरकारने मालकी घेतली, पण कारभार घेतला नाही. १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याने वाटेसाठी घेतलेल्या जमिनींची देखभाल मध्यवर्ती संस्थेकडे सोपवली, आणि ती पूर्ववत तीसेक स्थानिक मंडळांच्या स्वयंसेवकांकडेच राहिली. खोडांवरच्या पांढऱ्या खुणा रंगवणारे, पडलेली झाडे करवतीने कापून बाजूला करणारे, पावसाचे पाणी वाटेवरून काढून देण्यासाठी दगडांचे आडवे बांध घालणारे हे लोक आपापला ठरलेला टप्पा वर्षानुवर्षे सांभाळत असतात. आणि त्यांपैकी अनेकांनी आपल्या हिश्श्याबाहेरची वाट फारशी पाहिलेलीही नसते.

तेव्हा टप्पा कोणता निवडावा? चढ किती, पाणी कोठे, ऋतू कोणता आणि परतण्याची सोय काय, हा विचार करावाच लागतो. दक्षिणेकडे वसंत लवकर येतो, न्यू इंग्लंडची अरण्ये शरदात पेटल्यासारखी रंगतात, आणि कटाडिनचा मार्ग ऑक्टोबरच्या मध्यानंतर हिमवादळांच्या हवाली होतो. पण एवढ्यानेच निवड करणाऱ्याला मी सुचवीन, की प्रत्येक टप्प्याचा जो स्वतंत्र इतिहास आहे त्याचाही कौल घ्यावा.

ग्रेट स्मोकी पर्वतांतील सुमारे ११५ किलोमीटरांचा टप्पा घेतला, तर कुवोही या २,०२५ मीटर उंचीच्या, वाटेवरील सर्वोच्च शिखरावरून जावे लागते. हा चेरोकी लोकांचा पवित्र प्रदेश. १८३८ मध्ये त्यांना बळाने पश्चिमेकडे हाकलण्यात आले तेव्हा काहींनी याच डोंगरांचा आसरा घेतला, आणि त्या शिखराचे त्यांनी ठेवलेले मूळ नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे परत मिळाले. व्हर्जिनियात, जेथे वाटेचा जवळजवळ चतुर्थांश भाग आहे, शेननडोआ राष्ट्रीय उद्यानातून चालताना निर्मनुष्य वाटणाऱ्या रानात मध्येच एखादे पडके धुराडे किंवा जुने दफनस्थान लागते. १९३० च्या दशकात उद्यान निर्माण करण्यासाठी ज्या शेकडो डोंगरी कुटुंबांना उठवले गेले, त्यांच्या संसाराच्या या खुणा होत. अरण्य वाटते ते अरण्य नेहमीच होते असे नाही, हा धडा येथे मिळतो.

चार-पाच दिवसांचाच अवकाश असणाऱ्याने आणि चढ-उताराची सवय नसणाऱ्याने मेरीलँडचा सुमारे ६५ किलोमीटरांचा टप्पा घ्यावा. त्याचा आरंभ पोटोमॅक आणि शेननडोआ या नद्यांच्या संगमावरील हार्पर्स फेरी येथून करता येतो. येथील सरकारी शस्त्रागारावर १८५९ मध्ये गुलामगिरीचा कट्टर शत्रू जॉन ब्राउन याने छापा घातला होता. आणि याच गावी आज वाटेच्या मध्यवर्ती संस्थेचे दप्तर आहे. नदी ओलांडली की काही अंतर जुन्या कालव्याच्या काठाने, जेथून एके काळी खेचरे मालवाहू नावा ओढीत असत त्या सपाट मार्गाने जावे लागते. पुढे साउथ माउंटनच्या धारेवर १८६२ च्या यादवी युद्धातील रणभूमी लागते, आणि ग्रामस्थांनी १८२७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मरणार्थ रचलेला दगडी बुरूजही लागतो. अमेरिकेच्या इतिहासाचा एवढा ऐवज इतक्या थोड्या अंतरात दुसऱ्या कोणत्याही टप्प्यावर क्वचितच सापडेल.

पेनसिल्व्हेनियाचा उत्तर भाग तीक्ष्ण दगडांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि म्हणून पुष्कळजण तो टाळतात. पण लीहाय नदीच्या खिंडीत जस्ताच्या भट्ट्यांच्या धुराने दशकानुदशके उजाड झालेला डोंगर आणि त्यावर पुन्हा परिश्रमाने रुजवलेले हिरवे आच्छादन पाहिले, म्हणजे मॅकायने कारखानदारीच्या संदर्भात ही वाट का कल्पिली हे जितके उमगते तितके ग्रंथ वाचूनही उमगत नाही. तेथून पुढे डेलावेअर नदी ओलांडली की न्यू जर्सीचा टप्पा लागतो. त्या राज्यात स्थायिक झालेल्या हजारो मराठी कुटुंबांना हा मार्ग मोटारीने दीड-दोन तासांवर आहे, आणि मुलाबाळांसह एका दिवसात सनफिश पाँड या हिमयुगीन सरोवरापर्यंत जाऊन येता येते. १९६० च्या दशकात डेलावेअरवर मोठे धरण बांधण्याच्या योजनेच्या ओघात हे सरोवर नष्ट होण्याचा धोका उभा राहिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९६७ मध्ये नागरिकांसह तेथवर चालत जाऊन निषेध नोंदवला. परमुलखात घर केलेल्या माणसाला त्या भूमीशी नाते जोडायचे असेल, तर अशा ठिकाणी मुलांचा हात धरून चालण्यासारखा दुसरा उपाय नाही.

व्हरमाँटचा सुमारे १६० किलोमीटरांचा भाग जुन्या लाँग ट्रेलशी एकरूप झालेला आहे. न्यू हॅम्पशरमध्ये पर्वतक्लबाची विश्रामगृहे आहेत, त्यांपैकी पहिले १८८८ चे, आणि तेथेच माउंट वॉशिंग्टनवर १९३४ मध्ये ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला होता. ज्याला एकांत हवा आणि आठदहा दिवसांचा शिधा पाठीवर वाहण्याची ज्याची तयारी आहे, त्याने मात्र मेनमधील मॉन्सन गावापासून उत्तरेचा सुमारे १६० किलोमीटरांचा अरण्यप्रदेश निवडावा. त्याच्या अंती कटाडिन उभा आहे. १८४६ साली लेखक थोरो त्या पर्वतावर गेला होता. आणि मेनचे माजी गव्हर्नर पर्सिव्हल बॅक्स्टर यांनी विधिमंडळाने नाकारलेली गोष्ट स्वतःच्या पैशांनी करावयाची असा निर्धार करून, १९३० पासून तीस वर्षे जमिनीचे तुकडे विकत घेत, तो पर्वत आणि भोवतालचे अरण्य राज्यातील जनतेला कायमचे देऊन टाकले. तुकड्यातुकड्यांनी केलेल्या कार्याचे याहून भव्य उदाहरण या वाटेवर नाही.

हा सारा इतिहास एकाच निष्कर्षाकडे नेतो. कल्पना हिश्शांची, बांधणी हिश्शांची, जमिनीची खरेदी हिश्शांची आणि आजची निगराणीही हिश्शांचीच. असे असता चालणाऱ्याने आपल्या वाट्याला आलेला हिस्सा कमी दर्जाचा का मानावा? २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन वादळाने दक्षिणेकडील राज्यांत वाटेची मोठी हानी केली, तेव्हा ती दुरुस्त करण्यास पुढे सरसावली ती ज्यांच्याकडे तो तो टप्पा होता ती मंडळेच. म्हणून जो टप्पा निवडाल तो नीट माहिती करून घेऊन निवडा. तो कोणी बांधला, कोणाला उठवून बांधला, आज कोण राखतो हे चालण्यापूर्वी वाचा. आणि शक्य असेल तर त्या मंडळाच्या कामाला एखादा दिवस द्या. संपूर्ण वाट चालून जाणाऱ्याचा पराक्रम आदरास पात्र आहेच. पण वाट टिकते ती एकेका टप्प्याला आपले म्हणणाऱ्यांच्या बळावर, आणि तसे म्हणण्याचा अधिकार एका दिवसाची मजल मनःपूर्वक चालणाऱ्यालाही पूर्णपणे प्राप्त होतो.